संधी: वारा, सांधा आणि वाफसा

'अपॉर्च्युनिटी' हा शब्द आता आपल्याला परका वाटत नाही. नोकरीची जाहिरात असो की कॉलेजचं माहितीपत्रक, तो असतोच. आज त्याच्या पोटात काय आहे ते पाहू.

मूळ लॅटिन. 'ओब' म्हणजे कडे, 'पोर्तुस' म्हणजे बंदर. त्यातून 'ओपोर्तुनुस' झाला: जहाजाला बंदराकडे नेणारा वारा. पुढे अनुकूल, वेळेवर आलेलं, असे अर्थ त्याला चिकटले. 'चान्स'चं मूळ निराळं. लॅटिनमध्ये 'कादेरे' म्हणजे पडणे. फासा पडावा तसा चान्स. गंमत अशी, की अरबीतून आपल्याकडे आलेल्या 'मोका'च्या मुळाशीही 'पडणे, घडणे' हाच धातू आहे. आणि अरबीत 'फुर्सा' म्हणजे संधी. मराठीत येईपर्यंत तिची 'फुरसत' झाली, रिकामा वेळ झाली!

आता आपला शब्द घ्या. सम् आणि धा, म्हणजे एकत्र ठेवणे, जोडणे. त्यातून संधी. गुडघ्याचा सांधा त्यातलाच. दोन राजांमधला तह हा संधी, दिवस-रात्रीच्या मधला तो संधिकाल. व्याकरणात 'तो' संधी, व्यवहारात 'ती' संधी, पण दोन्हीकडे काम जोडण्याचंच. वारा सुटतो, फासा पडतो. सांधा मात्र जुळवावा लागतो, आणि त्याला दोन बाजू लागतात. जो फक्त आपलीच बाजू पाहतो, त्याला आपण 'संधिसाधू' म्हणतो. इंग्रजीतल्या 'ऑपॉर्च्युनिस्ट'च्या वाट्यालाही तीच बदनामी आली.

आपल्या कारंज्याला समुद्र नाही, बंदर नाही. पण इथल्या शेतकऱ्याकडे याहून नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही. काळी माती अवजाराला चिकटते. फार थांबलं तर ओल उडून जाते. मधले मोजके दिवस म्हणजे वाफसा. आता बघा, पाऊस तर सगळ्यांच्याच शेतावर पडला. ज्याच्या घरी बैलजोडी आणि तिफण आहे, तो त्या दिवसांत पेरून मोकळा होतो. ज्याला जोडी भाड्यानं आणायची, त्याचा नंबर लागेपर्यंत वाफसा गेलेला असतो. तो आळशी होता का? नाही. त्याच्याकडे सांध्याची एक बाजूच नव्हती.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत 'संधीची समानता' आहे, अनुच्छेद 16 मध्ये सरकारी नोकरीपुरती ती पुन्हा सांगितली आहे. तिचा अर्थ नुसता 'पाऊस सगळ्यांवर पडू द्या' एवढाच घेतला, तर शब्द अर्धाच वाचला असं होईल. म्हणून एखाद्या पोराला 'संधी होती, तूच घेतली नाहीस' असं म्हणण्याआधी आपण एवढं तरी विचारू या: वाफसा होता तेव्हा याच्या घरी तिफण होती का?