जुन्या तेल इंजिनांची ओळख आणि दुरुस्ती

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल समुद्रापासून दूर असले, तरी होडीच्या पोटातील जुन्या इंजिनाची जातकुळी तिथल्या विहिरीवरील डिझेल इंजिनाशी जुळते. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने 1929 साली आणलेले सीएस इंजिन मिनिटाला जेमतेम 600 फेरे घेई आणि त्याची जड फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारी चाके, दुरूनच ओळखू येतात. मात्र भारतात त्याच्या नकला इतक्या निघाल्या, की नावाच्या पाटीपेक्षा ओतीव भागांवरील खुणांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे. गंजाने अडकलेला दट्ट्या हातोड्याने ठोकू नये, कारण ओतीव लोखंड तडकते. सिलिंडरमध्ये डिझेल मुरू देऊन मग फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे हलवावे. खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या सागरी इंजिनात मात्र पाण्याच्या वाटांत साचलेला क्षार आधी काढावा लागतो. रंगाचा मोह शेवटपर्यंत आवरावा, कारण ताज्या रंगाखाली तडे आणि क्रमांक दोन्ही लपतात.