कामगाराची सुट्टी आणि घरातील लहान मुले

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांची सुट्टी ही इतर शहरांतल्या सुट्टीसारखी नसते. येथील बहुसंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्याभरात वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार ठरवून दिले गेले, त्यात आपल्या भागाच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो पुढे अंगवळणी पडला. मुलांच्या शाळेला मात्र रविवार. म्हणजे वडील घरी असतात त्या दिवशी मुले शाळेत आणि मुले घरी असतात त्या दिवशी वडील पहिल्या पाळीला. त्यात आई एखाद्या लघुउद्योगात पॅकिंगला किंवा सोसायट्यांमध्ये घरकामाला जात असेल तर तिची सुट्टी तिसऱ्याच दिवशी. एका छपराखाली राहूनही चौघांचे एकत्र जेवण महिना महिना होत नाही, अशी घरे आपल्या वस्त्यांमध्ये कमी नाहीत. मुलांना घेऊन सुट्टी कशी घालवावी हा प्रश्न म्हणूनच आमच्या दृष्टीने चैनीचा नाही, आणि त्यावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम रजेविषयी. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगारास, काम केलेल्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. 2020 साली मंजूर झालेल्या नव्या श्रमसंहितेत ही अट 180 दिवसांवर आणली आहे. कागदावर हे सर्वांसाठी आहे, ठेकेदाराकडील कामगारांसाठीसुद्धा. प्रत्यक्षात काय होते ते चाकणच्या कोणत्याही गेटवर उभे राहिल्यास कळते. कायम कामगार रजेचा अर्ज लिहितो आणि ठेक्यावरचा कामगार खाडा करतो. चार दिवस गावी जाणे म्हणजे त्याच्या हिशेबात चार दिवसांची हजेरी गेली, शिवाय परत आल्यावर जागा राहील की नाही ही धास्ती वेगळी. त्यामुळे अशा घरांतून बहुतेक वेळा आई आणि मुले पुढे जातात, वडील लग्नकार्य असले तरच एक रात्र येऊन परततात. हे चांगले की वाईट याची चर्चा करण्यात अर्थ नाही, पण ठेकेदाराकडून हजेरीपत्रकाची नक्कल आणि पगाराची पावती दरमहा मागून ठेवावी, कारण भरलेल्या दिवसांचा पुरावा नसेल तर रजेचा हक्क सांगायचा कशावर?

आता गावच्या वाटेविषयी. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर बीड, लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, परभणी, सोलापूर या भागांतून जी माणसे येथे आली त्यांची आता तिसरी पिढी शाळेत जाते. या मुलांना गाव म्हणजे मे महिना. वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर मेच्या पहिल्या आठवड्यात पत्र्याच्या पेट्यांची जागा आता सॅकनी घेतली असली तरी गर्दी तीच आहे. एसटीत 5 वर्षांखालील मुलास तिकीट नाही, 5 ते 12 वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. मार्च 2023 पासून महिलांनाही सर्व गाड्यांत अर्धे तिकीट झाले आहे आणि 75 वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. आजी, आई आणि दोन मुले असा प्रवास त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतो. रेल्वेत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल 2016 पासून आरक्षित डब्यात 5 ते 12 वयाच्या मुलास स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे पडते. बर्थ नको असल्यास अर्धे.

तान्ह्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी शक्यतो रात्रीची गाडी धरावी. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याची बस भट्टीसारखी तापते. सहा महिन्यांखालील बाळास उन्हाळ्यातही अंगावरचे दूधच पुरते, वरचे पाणी द्यावे लागत नाही. आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यावे. कित्येक घरांतून वडीलधाऱ्या बायका मायेपोटी बाळाला चमचाभर पाणी, गुळाचे पाणी, घुटी देतात आणि तिसऱ्या दिवशी हगवण लागते. त्यांच्याशी भांडू नये, पण सुनेने आणि मुख्यतः मुलाने हे ठामपणे सांगावे. मोठ्या मुलांना बाहेरचे रंगीत बर्फगोळे आणि स्थानकावरचे उघडे सरबत देऊ नये. जुलाब सुरू झालेच तर जलसंजीवनीची पुडी पिशवीत असावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये, तोच खरा धोका. बाळ मलूल पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली तर घरी थांबू नये. लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. गोवराची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांत असते. महिनाभर गावी राहणार असल्यास ती गावच्या उपकेंद्रातही मिळते, चुकवण्याचे कारण नाही.

गावी पोचल्यावर काळजीचे दोन विषय. एक विहीर. आपल्या वस्तीतल्या मुलांनी पाणी पाहिलेले असते ते नळाचे आणि पिंपाचे. बिनकठड्याची शेतविहीर, शेततळे, कालव्याची धार यांची भीती त्यांच्या मनात नसते, आणि चुलतभाऊ पोहतात म्हणून हीही उतरतात. पोहता येणारा मोठा माणूस हजर असल्याशिवाय पाण्याकडे जायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सर्व मुलांसमोर, गावच्या मुलांसमोरसुद्धा, सांगावा. दुसरा विषय विंचू-साप. जमिनीवर अंथरूण टाकताना ते झटकावे, पायताण घालताना पालथे करून पाहावे, रात्री परसाकडे जाताना मुलांसोबत बॅटरी घेऊन जावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न नेता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. एवढी काळजी घेतली की बाकी महिनाभर मुलांना मोकळे सोडावे. आजोबांसोबत शेळ्या वळायला जाणे, आजीच्या तोंडून आपल्या खापरपणज्याचे नाव ऐकणे, लेंडी नदी कोठून येते ते विचारणे, हे कोणत्याही शिबिरात मिळत नाही. मुलांच्या हाती मोबाईल देऊन ओसरीवर बसवून ठेवायचे असेल तर तिकिटाचा खर्च तरी का करावा?

पाहुणे जेव्हा इकडे येतात तेव्हाची गोष्ट निराळी. दिवाळीत, 14 एप्रिलला किंवा बारशा-वाढदिवसाला दोन खोल्यांच्या घरात पंधरा माणसे जमतात. मजा असतेच. परंतु या दिवसांत घरातल्या बाईस सुट्टी असते काय, हा प्रश्न आम्ही पुरुष वाचकांना विचारू इच्छितो. कारखान्यातून सुट्टी मिळालेला पुरुष पाहुण्यांसोबत गप्पा मारतो आणि ती पहाटे चारपासून रात्री भांडी घासेपर्यंत उभी. कडेवरचे मूल तिच्याच कडेवर. लहान मुले अशा दिवशी चिडचिडी होतात त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. झोपेची वेळ टळते, आई हाताशी नसते, प्रत्येक पाहुणा गालगुच्चा घेतो आणि तोंडात काहीतरी कोंबतो. उपाय साधे आहेत. स्वयंपाक एकाच ठिकाणी न करता चार घरांनी वाटून घ्यावा. भात एकीकडे, भाकरी दुसरीकडे. भांडी पुरुषांनी घासावीत, त्यात कोणाचे काही कमी होत नाही. शेजारची एक खोली दुपारी मुलांच्या झोपेसाठी मागून घ्यावी. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागात पाहुण्यांची तारीख ठरवतानाच पाण्याचा वार पाहावा, हे अनुभवी गृहिणीस सांगावे लागत नाही.

गावी जाणे दरवर्षी सर्वांना जमत नाही. त्यांच्यासाठी आपल्या दारातूनच जाणारी पुणे-लोणावळा लोकल ही मोठी सोय आहे. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी यांपैकी कोठूनही बसावे आणि मळवली स्थानकावर उतरावे. एका बाजूस भाजे, दुसऱ्या बाजूस कार्ले. दुपारच्या वेळी लोकलमध्ये बरेच अंतर पडते, म्हणून सकाळची गाडी आणि परतीचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात 15 वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. येथे मात्र आपला गुरुवार कामास येतो! रविवारी कार्ल्याच्या पायऱ्यांवर एकवीरेच्या भक्तांची आणि सहलींची दाटी असते. गुरुवारी पायऱ्या बऱ्याच मोकळ्या असतात. ज्यांची मुले अजून शाळेत घातलेली नाहीत त्यांनी ही तीन-चार वर्षे वाया घालवू नयेत. एकदा शाळा लागली की हा गुरुवार गेला.

लहान मुलांना लेण्यांत काय कळणार असे काहीजण म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, बावीस लेणी आणि एका ठिकाणी चौदा स्तूपांचा समूह. मुलांना सनावळी सांगू नये, स्तूप मोजायला सांगावे. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यांपैकी सर्वांत मोठे, लांबी सुमारे 45 मीटर. त्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत, हे सुतारकाम किंवा फॅब्रिकेशन करणाऱ्या बापाने आपल्या मुलाला दाखवण्यासारखे आहे. तेथील दानलेखांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत आणि धेनुकाकट गावचा एक सुतारही आहे. सामि त्याचे नाव, दरवाजाचे काम त्याने केले अशी नोंद दगडात आहे. राजाचे नाव विसरले तरी चालेल, या सुताराचे नाव मुलांना सांगावे. येताना देहूरोडला उतरता येते. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तेथे 25 डिसेंबर 1954 रोजी झाली. आकुर्डीहून हे एकाच स्थानकाचे अंतर, तरी आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांनी ते पाहिलेले नाही.

पावसाळी सहलीविषयी मात्र आम्ही कठोरपणे लिहिणार आहोत. 30 जून 2024 रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती, सर्वांत धाकटे चार वर्षांचे. ते प्रवाहाच्या मध्ये उभे असताना पाणी वाढले. वर डोंगरात पाऊस पडतो तेव्हा खाली ऊन असले तरी पाणी काही मिनिटांत चढते, खडक शेवाळाने निसरडा असतो आणि गुडघाभर वेगवान पाणी मोठ्या माणसालाही उभे राहू देत नाही. हात धरून साखळी केली तर एक पडला की सगळे पडतात. 15 जून 2025 रोजी, पुन्हा रविवारीच, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. हे ठिकाण तर बेगडेवाडी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, आपल्याच मुलांचे सहलीचे ठिकाण. सूचनेचा फलक असतो, तो वाचला जात नाही. मूल बरोबर असताना वाहत्या पाण्यात उतरूच नये, आणि पुलावर माणसे दाटली असतील तर दुसऱ्या तीरावरचे दृश्य याच तीरावरून पाहावे.

राहता राहिल्या मोठ्या गर्दीच्या तारखा. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 1 जानेवारीला कोरेगाव भीमा, अशोक विजयादशमीला नागपूर. दोन वर्षांखालील मुलास या गर्दीत नेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षातील इतर कोणत्याही दिवशी ही ठिकाणे शांतपणे दाखवता येतात. मोठ्या मुलांना अवश्य न्यावे, पण खिशात नाव, वस्ती आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालून. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधीच ठरवावी आणि मुलास ती बोटाने दाखवावी. हरवलेल्या मुलासाठी 1098 हा क्रमांक सर्वत्र चालतो. कोरेगावास खाजगी वाहने लांबच्या वाहनतळावर थांबवून पुढे बसने नेतात. जानेवारीची पहाट गार असते, स्वेटर आणि कानटोपी घरी विसरू नये. मोटारसायकलवर चौघे बसून आळंदीमार्गे निघण्याची पद्धत आता बंद व्हावी. फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर शिरस्त्राण आणि चालकाशी बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. असा पट्टा दरेकाने विकत घेण्याची गरज नाही. आळीत दोन-तीन आणून ठेवले आणि ज्यास जायचे त्याने नेऊन परत दिले तरी भागते.