आधी अंदाज, मग निर्णय

बुलढाणा, खामगाव किंवा मलकापूरचा कॉलेज खेळाडू अमरावती विद्यापीठाच्या संघात आला, की पुढे रेल्वे किंवा पोलीस दलातल्या नोकरीचं गणित मांडतो. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूपुढे मात्र वेगळाच पेच असतो : शिक्षण सुरू ठेवायचं, की एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये नाव द्यायचं?

ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची क्लबांनी ठरलेल्या क्रमाने केलेली निवड. पहिल्या फेरीत निवड झाली तर हमखास करार. दुसऱ्या फेरीत तशी खात्री नाही. म्हणून अनेक जण नाव देऊन नुसता अंदाज घेतात. शिकागोच्या चाचणी शिबिरात बूट काढून उंची मोजली जाते, पसरलेल्या हातांची लांबी आणि उभी उडी नोंदवली जाते. क्लबांचं मत ऐकून मुदतीत नाव मागे घेतलं, तर कॉलेजकडून खेळायचा हक्क शाबूत राहतो.

सात फूट चार इंचांच्या झॅक ईडीने 2023 मध्ये हेच केलं. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरूनही तो पर्ड्यू विद्यापीठात परतला. 2024 मध्ये संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि त्याच वर्षी मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं.

पंजाबचा सतनाम सिंग 2015 मध्ये कॉलेजात न खेळताच ड्राफ्टमध्ये उतरला. डलासने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.