जबलपूरचें पिअर्स घराणें

नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालीं १८१७ पर्यंत असलेल्या जबलपुरांत पुढें अँग्लो-इंडियन वस्ती झाली. तेथील पिअर्स कुटुंब १९४७ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें गेलें. सेक, मेल, एरिक, गॉर्डन व ज्युलियन हे पांचही बंधू त्या देशाकडून हॉकी खेळले. एरिक १९५६ ते १९६८ या चारही ऑलिंपिकांत होता. १९६८ सालीं मेक्सिकोस रौप्यपदक मिळविणाऱ्या संघांत तिघे बंधू होते. स्थलांतरितांबरोबर विद्या जाते, दप्तर बहुधा मागेंच राहतें. बाप्तिस्म्याच्या नोंदी, पत्रें, संघांचीं छायाचित्रें हीं आम्हीं ताम्रपटांइतकींच इतिहासाचीं साधनें मानितों. अशा घराण्यांचे कागद रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं हस्तगत करावे, अशी आमची विनंती आहे.