घाटउतारावर सायकल का उलटते? देवगोई घाटाच्या निमित्ताने समजून घ्या ब्रेकचं गणित

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावरचं अक्कलकुवा सोडून मोलगीकडे निघालं की देवगोई घाट लागतो. त्यापुढेही सातपुड्याचे चढ-उतार संपत नाहीत. सायकल गिअरची माउंटन बाइक असो की साधी, इथे प्रश्न एकच: उतारावर ती आवरायची कशी?

आधी थोडं गणित. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन 100 मीटर उंची उतरतं, तेव्हा सुमारे 78 हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पेलाभर पाण्याला उकळी आणण्याइतकी! थोडी वाऱ्यात जाते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. म्हणून घाटभर ब्रेक घासत ठेवू नका. पॅड तापले की पकड सुटते. सरळ टप्प्यावर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी उतरवा, वळणात नाही.

'पुढच्या ब्रेकला हात लावू नको' हा सल्ला आपण सगळ्यांनीच ऐकलाय. तो अर्धाच खरा आहे. उतारावर वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसत्या मागच्या ब्रेकने ते लॉक होऊन घसरतं. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो झटक्यात दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. यावर माउंटन बायकरची युक्ती साधी आहे: सीटवरून उठा, दोन्ही पेडल समान पातळीत ठेवा, कंबर मागे, कोपरं वाकलेली. नजर चाकापुढच्या दगडावर नको, वाटेवर लांब हवी. सायकल नजरेमागे जाते.

सुट्या मुरमावर हिशोब बदलतो. तिथे पुढचं चाक लॉक झालं की हँडल वळवूनही उपयोग नाही. घट्ट जमिनीवर ब्रेक लावा, मुरमावर सैल सोडा. रुंद टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर पकड वाढते.

चढाला एकच सांगणं: हलका गिअर चढ सुरू होण्याआधी टाका.

खरी काळजी साध्या सायकलींची. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. अशा बिनगिअरच्या सायकलीचे रबरी ब्रेक पावसात ओल्या रिमवर लगेच धरत नाहीत. दोन-तीनदा हलके दाबून रिम पुसली गेली की मगच पकड येते, म्हणून ब्रेक नेहमीपेक्षा बरंच आधी लावायला हवा. डोक्यावर दप्तर असल्यासारखं वजन उंच नको. कॅरिअरला घट्ट बांधलेलं बरं. तीव्र उतारावर खाली उतरून सायकल हाताने नेण्यात कसला कमीपणा?

निघण्यापूर्वी घरीच तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकलली, तर चाक न फिरता घसटत यायला हवं. तसं होत नसेल, तर रबर किंवा केबल बदलल्याशिवाय घाटात उतरू नका.