उपस्थाता : चिकित्सेचा उपेक्षित पाद आणि ऑन्टारिओतील प्रशिक्षण

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले असून प्रत्येकाचे चार-चार गुणही मोजून दिले आहेत. यांपैकी भिषक् घडविण्यासाठी आपल्याकडे आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. द्रव्याच्या शुद्धतेसाठी मानके, परवाने आणि प्रयोगशाळा आहेत. उपस्थाता मात्र बहुधा योगायोगाने लाभतो. घरातील सून, मुलगा किंवा ब्यूरोमार्फत बारा तासांसाठी येणारी मावशी यांच्या हाती आपण पथ्य, औषध, अभ्यंग अशी सारी योजना सोपवितो आणि निश्चिंत होतो. त्या हातांना ते काम कोणी शिकविले आहे काय, हे आपण क्वचितच विचारतो.

हा प्रश्न एका दूरदेशी प्रांताने गांभीर्याने हाताळला आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात या कामासाठी ‘पर्सनल सपोर्ट वर्कर’ असे स्वतंत्र पदनाम आहे. १९९७ मध्ये, पूर्वीचे निरनिराळे साहाय्यक-अभ्यासक्रम एकत्र करून हे प्रशिक्षण सुरू झाले. सार्वजनिक महाविद्यालये, शाळा मंडळांचे प्रौढ शिक्षणवर्ग आणि खाजगी व्यवसाय-महाविद्यालये अशा तिन्ही ठिकाणी ते मिळते. दीर्घकालीन शुश्रूषागृहांसंबंधीच्या तेथील नियमांनुसार वर्गातील अध्यापन आणि प्रत्यक्ष अनुभव मिळून अभ्यासक्रम किमान ६०० तासांचा असावा लागतो. महाविद्यालयांत तो साधारणपणे दोन सत्रांत पूर्ण होतो. चरकोक्त चार गुणांच्या निकषावर हा अभ्यासक्रम तपासून पाहणे आपल्याला उद्बोधक ठरेल.

उपचारज्ञता आणि दाक्ष्य

उपचारज्ञता म्हणजे काय करावे हे जाणणे आणि दाक्ष्य म्हणजे ते कुशलतेने करता येणे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस नियमितपणे पालटणे, टाचा, माकडहाड आणि नितंब यांवरील त्वचा रोज तपासणे हे तेथे आरंभीच शिकविले जाते. हाडाच्या उंचवट्यावर त्वचा लाल होऊन तो लालपणा दाब काढल्यावरही टिकला, तर त्या जागी चोळू नये; दाब हटवावा आणि परिचारिकेस कळवावे, हाही त्यातीलच पाठ. अभ्यंगाचा सल्ला देणाऱ्या वैद्याने तो विशेष लक्षात ठेवावा. लाल झालेल्या जागी तेल जिरवू पाहणारी मावशी सद्भावनेने त्वचेखालील ऊतींची हानीच करीत असते.

पक्षाघाताच्या रुग्णास सदरा घालताना प्रथम दुर्बल हात, काढताना प्रथम सबळ हात. उठविताना दुर्बल हातास धरून ओढायचे नाही, अन्यथा खांद्याचा सांधा निखळण्याची भीती. चाकाची खुर्ची रुग्णाच्या सबळ बाजूस लावायची. भरविताना रुग्णास ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, घास लहान, एक गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, आणि जेवणानंतरही सुमारे अर्धा तास बसते ठेवायचे. गिळण्याची क्रिया मंदावलेल्या रुग्णास आडवे ठेवून घृत वा तेल पाजल्यास ते श्वासमार्गात जाऊन फुप्फुसांस गंभीर इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णास स्नेहपान लिहून देताना ते कोण आणि कसे पाजणार, हे विचारणे वैद्याचे कर्तव्य ठरते.

हे सारे केवळ पुस्तकातून शिकविले जात नाही. अनेक वर्गांत विद्यार्थी एकमेकांस भरवितात आणि स्वतः झोळीच्या यंत्रात बसून उचलले जाण्याचा अनुभव घेतात. त्यानंतर शुश्रूषागृहात आणि रुग्णांच्या घरी देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते.

शौच आणि मर्यादा

हात केव्हा आणि कसे धुवावेत, हातमोजे केव्हा बदलावेत, मलमूत्राने माखलेले कपडे कसे हाताळावेत याचे शिक्षण तर आहेच. त्यासोबत कामाची मर्यादाही शिकविली जाते. औषधाची मात्रा ठरविणे अथवा बदलणे हे या कार्यकर्त्याचे काम नव्हे. ठरलेले औषध ठरलेल्या वेळी घेण्यास रुग्णाला साहाय्य करावे, नोंद ठेवावी आणि काही वेगळे आढळल्यास वरिष्ठांस कळवावे, एवढीच त्याची कक्षा. कॅनडात औषधालये वार आणि वेळेनुसार गोळ्यांचे कप्पे भरून देतात, त्यामुळे हे काम सुकर होते. आपल्या औषधालयचालकांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एकाच पिशवीत चार पुड्या, दोन वट्या आणि एक आसव देऊन ‘वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या’ एवढेच सांगितल्याने उपस्थात्याचा गोंधळ वाढतो.

अनुराग

चौथा गुण अनुराग, रुग्णाविषयी आपुलकी. ती शिकविता येते काय? ऑन्टारिओतील अभ्यासक्रम तिचे आचरणात रूपांतर करू पाहतो. स्नान घालताना शरीराचा जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करावा. कोणता सदरा घालायचा हे रुग्णास विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाशी वाद न घालता त्याच्या भीतीचे कारण शोधावे. अंत्यावस्थेतील रुग्णाजवळ घाई न करता बसावे. येथपर्यंत शिक्षण पोहोचू शकते. त्यापुढे काय, याचे कटू उत्तर त्याच प्रांतास मिळाले.

२०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत ऑन्टारिओतील काही शुश्रूषागृहांत सैन्यदलास मदतीस पाठवावे लागले. सैन्याचा अहवाल २६ मे २०२० रोजी जाहीर झाला. साहाय्यासाठी बराच काळ हाका मारीत राहिलेले वृद्ध, वेळेवर न बदललेले मलिन कपडे, शय्याव्रण, बळजबरीने भरविल्यामुळे लागलेला ठसका असे त्यातील वर्णन अंगावर काटा आणणारे होते. अभ्यासक्रम तर दोन दशकांहून अधिक काळ चालू होता. प्रशिक्षणातील त्रुटी अहवालाने दाखविल्याच, परंतु मनुष्यबळच अपुरे होते हेही नोंदविले. ज्याला एका सकाळी अनेकांना उठवून, धुऊन, भरवून न्यायचे आहे, त्याच्याजवळ ताठ बसवून लहान घास देण्यास वेळ कोठून येणार? सुश्रुताचार्यांनी परिचारक न थकणारा असावा असे म्हटले आहे. पण कामाच्या ओझ्याने त्याला थकविणारी व्यवस्था असेल, तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

ऑन्टारिओने त्यानंतर केलेली तजवीज याच दिशेची आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमलात आलेल्या कायद्यात प्रत्येक निवासी वृद्धास दररोज सरासरी ४ तास प्रत्यक्ष शुश्रूषा मिळावी, असे उद्दिष्ट लिहिले गेले आणि ते गाठण्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत ठेवली गेली. डिसेंबर २०२४ पासून या कार्यकर्त्यांची ऐच्छिक नोंदणी करणारे प्राधिकरणही कार्य करू लागले. अनुरागाला वेळ लागतो आणि तो वेळ मोजून राखून ठेवावा लागतो, हे त्या प्रांताने मोठी किंमत देऊन जाणले.

आपले कर्तव्य

आपल्याकडेही हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ या कामांसाठी अभ्यासक्रम आखलेले आहेत. तथापि घरोघरी काम करणाऱ्या असंख्य मावशी आणि मामा अशा कोणत्याही वर्गात बसलेले नसतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारे पहिले शिक्षक बहुधा आपणच आहोत. रुग्णपत्रिकेवर उपस्थात्याचे नाव लिहावे. त्याला समोर बसवून एकदा भरवून आणि कूस पालटून दाखवावे, मग त्याच्याकडून करवून घ्यावे. औषधालयाने अनुपान आणि वेळ मोठ्या मराठी अक्षरांत पुडीवर लिहून द्यावी. आणि कुटुंबीयांना स्पष्ट सांगावे की बारा तास राबणाऱ्या माणसाला विश्रांती आणि रास्त वेतन देणे हा चिकित्सेचाच भाग आहे.

स्वस्थ आणि जाणता उपस्थाता नसेल, तर उत्तम निदान आणि शुद्ध औषध ही दोन्ही रुग्णाच्या उशापर्यंत येऊन थांबतात. तेथून पुढचे अंतर त्याच्याच हातांनी कापायचे असते.