आरंभीचा दोष

‘ड्रायव्हर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चा ड्रायव्हर उभा राहतो. संगणकातही ड्रायव्हर असतो. परंतु तो माणूस नव्हे, तर एक प्रोग्रॅम असतो. संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यामध्ये तो दुभाष्याचे काम करतो. संगणकाला इंटरनेटशी जोडणाऱ्या नेटवर्क कार्डालाही असा ड्रायव्हर लागतो. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. त्याला कारण गेल्या वर्षीचा एक प्रसंग.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. माढ्यातील एका लहानशा इंटरनेट केंद्रात मी दुपारी पोहोचले. तेथे संगणक एकच, आणि त्यावर इंटरनेट चालेना. “लाइनच गेली आहे, ताई,” असे मालकांनी सांगितले. आम्ही पाच-सहा जण लाइन येण्याची वाट पाहत बसलो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिष्यवृत्ती हुकली तर पुढची फी कोठून आणायची, हा विचार मनातून जाईना. संध्याकाळी संगणक दुरुस्त करणारे एक ओळखीचे दादा आले. सुरू होताना संगणक स्वतःच्या नोंदी लिहून ठेवतो, त्या त्यांनी उघडल्या. कार्डाची तपासणी चुकली, म्हणून ते सुरू केलेले नाही, असे ड्रायव्हरने सकाळीच लिहून ठेवले होते! लाइन ठीक होती. दुसरे कार्ड बसवले आणि रात्री अर्ज गेला.

तेव्हापासून या ड्रायव्हरविषयी मिळेल ते वाचू लागले. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्स या प्रणालीचे प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतात, त्यामुळे त्यातील रीत समजते. प्रणालीला कार्ड सापडले की ती ड्रायव्हरला बोलावते. ड्रायव्हर कार्डाला जागे करतो, त्याच्याशी बोलण्यासाठी मेमरीतील जागा मागून घेतो, कार्ड मूळ स्थितीत आणतो, त्याचा पत्ता वाचतो आणि सर्वांत शेवटी त्याची प्रणालीकडे नोंद करतो.

यातील प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. कार्ड खाचेतून निसटले असेल, तर वाचलेल्या ३२ स्थानांवर सगळीकडे १ हाच आकडा येतो. वरवर पाहता ते उत्तर वाटते. प्रत्यक्षात तेथे उत्तर देणारे कोणीच नसते. कार्ड मूळ स्थितीत येण्याची वाट पाहायची, पण तिलाही मर्यादा हवी. नाहीतर ड्रायव्हर जन्मभर वाटच पाहत बसेल. पत्त्यात सगळी शून्येच आली, तर तो पत्ता खरा मानायचा नाही. इंटेल कंपनीच्या अनेक कार्डांत ६४ संख्या साठवलेल्या असतात आणि त्यांच्या बेरजेची शेवटची १६ स्थाने मिळून ४७,८०२ हीच संख्या यावी लागते. ती आली नाही, तर साठवलेली माहिती बिघडली असे समजायचे.

दोष सापडल्यावर ड्रायव्हरने दोन गोष्टी करायच्या. आतापर्यंत जे जे मागून घेतले ते उलट्या क्रमाने परत करायचे, म्हणजे शेवटी घेतलेले आधी. मग कारणाचा क्रमांक प्रणालीला कळवायचा. यंत्रच नाही, यासाठी १९. वाचता-लिहिता येत नाही, यासाठी ५. ज्या दुसऱ्या भागावर आपण अवलंबून आहोत तो अजून तयार नाही, यासाठी ५१७. अशा वेळी प्रणाली ड्रायव्हरला पुन्हा बोलावते. कार्डाची नोंद शेवटी ठेवण्याचे कारणही हेच. नोंद झाली की इतर प्रोग्रॅम ते कार्ड वापरू लागतात. ब्रेक तपासल्याखेरीज माढा-कुर्डुवाडी गाडीत प्रवासी बसवू नयेत, तसेच हे आहे.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सच्या चाचणीसाठी निघालेल्या आवृत्तीत इंटेलची काही कार्डे अचानक निकामी होऊ लागली. बेरीज जुळत नाही, असे सांगून ड्रायव्हर त्यांना सुरू करण्याचे नाकारी. साहजिकच पहिला संशय ड्रायव्हरवरच आला. ऑक्टोबरमध्ये उलगडा झाला, तेव्हा दोष प्रणालीतील एका वेगळ्याच सोयीत निघाला. प्रणालीचे काम तपासण्यासाठी असलेली ती सोय चुकीच्या जागी लिहीत होती, आणि ती जागा कार्डाच्या साठवणीची होती. तरीही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हात झटकले नाहीत; त्या साठवणीवर कोणाला सहज लिहिता येऊ नये, अशी कुलुपाची व्यवस्था त्यांनी केली.

मला यातून दोन गोष्टी कळल्या. दोष जेथे दिसतो तेथेच तो जन्मलेला असतो असे नाही. पण तो दिसल्याबरोबर, कामाच्या आरंभीच, स्पष्ट सांगितला पाहिजे. आणि सांगणाऱ्याने सांगितले, तरी ऐकणाऱ्याने वाचले पाहिजे. त्या दिवशी ड्रायव्हरने आपले काम चोख केले होते. सकाळची एक ओळ न वाचल्यामुळे आम्ही मात्र दुपारभर न गेलेल्या लाइनची वाट पाहत बसलो होतो.